लग्नाच्या सुरीवरचं नाव

हिशेब चंद्रभागाबाईंच्या बाजूनं मांडला तर सौदा फायद्याचा होता. लग्नाच्या सुरीवर नवऱ्याचं, धोंडीरामांचं, नाव पडलं की सुरी थोरल्या घराची झाली. मग जोगदंडांच्या कुठल्याही नवरदेवाला हळद लागायच्या आधी धाकट्या घरानं थोरल्या दाराशी येऊन ती मागून न्यायची आणि लग्न उरकलं की पुसूनसवरून परत आणून द्यायची. मागायला येणार कोण, तर जाऊ भिवराबाई. देणार कोण, तर चंद्रभागाबाई. एवढा एक देखावा डोळ्यांपुढे आणून त्या आठवडाभर गालात हसत होत्या. आणि खर्च काय, तर जावयाला दोन दिवस जास्तीचा शिरा, छटाकभर मेण आणि मूठभर मीठ.

पण या हिशेबात खाली आणखी एक ओळ होती, ती त्या कुणाला वाचून दाखवत नव्हत्या. त्यांना तीन मुली, धाकट्या दोघी लांब सासरी. मुलगा नाही. तीन वर्षांपूर्वी भावाभावांची वाटणी झाली, तेव्हा शेत निम्मं झालं, बैल वाटले गेले, विहिरीच्या पाण्याचे वार ठरले. सुरी तेवढी चिरता येत नाही म्हणून थोरल्याच्या पेटीत राहिली. वीतभर पात्याची, सांबरशिंगाच्या मुठीची ती सुरी चार पिढ्यांच्या नवरदेवांनी टोकाला लिंबू खोचून हळदीपासून अक्षतांपर्यंत हातात धरली होती. थोरल्या घरात आता ती धरायला कुणी उरलं नव्हतं. परवा धाकट्याच्या भारतला हळद लागायची, आणि एकदा त्या घरी गेलेल्या सुरीला परत यायचं कारण उरलं नसतं. मग धोंडीराम आबाजी जोगदंड हे नाव चौसाळ्यात राहणार कुठं? पटवाऱ्याच्या दप्तरात. आणि त्या दप्तराला वाळवी लागलेली.

म्हणून नाव सुरीवर पाहिजे होतं, आणि परवाच्या आत पाहिजे होतं.

गावच्या लोहारानं आधीच हात वर केले होते. "पोलाद पाजलेलं हाय, वैनी," तो म्हणाला होता. "छिन्नी लावली तर पातं तडकंल. मंग लिंबू कशाला खोचता?"

उरला थोरला जावई, राधाकिशन. हा हैदराबादेत मुलाम्याच्या कारखान्यात होता. पितळेच्या तबकावर विजेनं चांदी चढवायची, असं त्याचं काम. सासरी ते कुणाला नीट कळलेलं नव्हतं. धाकट्या घरच्या भगवानरावांनी, त्याच्या चुलतसासऱ्यांनी, एकदा भर पंगतीत विचारलं होतं, "मंजे कल्हईच की बे?" तेव्हापासून राधाकिशनच्या पोटात तो घास अडकलेला. सासूनं सुरीचं काढताच तो एका पायावर तयार झाला, आणि येताना कारखान्यातून तीन बरण्या घेऊन आला. बीडपासून मोटारीत मांडीवर धरून.

"लोनचं हाय का हे?" चंद्रभागाबाईंनी बरणीत डोकावून पाहिलं.

"वीज हाय, मामी. नवसागराचं पानी, जस्ताची कांडी अन् हा काळा दगडी कोळसा. हात नका घालू."

"बया. अन् मी म्हनलं फोडी काळ्या पडल्या."

ओसरीच्या कडेला वैशाखाचं ऊन आलं होतं. राधाकिशननं पाट मांडला. सुरी राखेनं घासली, मेण वितळवून पात्याच्या दोन्ही बाजूंना पातळ माखलं, आणि दाभणाच्या टोकानं त्या मेणात सासऱ्याचं नाव कोरलं. अक्षर सुबक होतं. दाभण गेलं तिथं पोलाद चमकत होतं, बाकी सगळं मेणानं झाकलेलं.

"जिथं पोलाद उघडं, तिथंच वीज खाती," तो बायकोला, सरस्वतीला, समजावून सांगत होता. "आदी खाऊ द्यायचं. मंग तारा उलट्यासुलट्या करायच्या, मंजे खाल्लेल्या जागी काजळी धरती. एकदा धरली की तुझ्या नातवाच्या नातवाला दिसंल."

"अन् मेन न्हाई तिथं?"

"तिथं बी खाईल. म्हनून तर मेन."

सरस्वती शहाणी होती. तिनं ते ऐकून ठेवलं.

आता तार जोडायची, एवढ्यात बायनाबाई काठी टेकत आल्या. ही धोंडीराम-भगवानरावांची आत्या. नवरा गेल्यापासून माहेरी, आणि वाटणीच्या वेळी मी कुणाच्या वाट्याला नको म्हणून मधल्या खोलीत राहिलेली. दोन्ही घरचं जेवायची आणि दोन्ही घरांना ऐकवायची.

"काय चाललंय?"

"सुरी उजळतोय, आत्याबाई," चंद्रभागाबाई घाईनं म्हणाल्या.

"उजळायला मेन कशाला?" म्हातारीनं वाकून बघितलं. तिला वाचता येत नव्हतं, पण कोरलेलं दिसत होतं. "नाव टाकता व्हय. टाका. माझं काय जातंय. पर लग्नाच्या लोखंडाला हात घालायच्या आदी पाच सवाष्नींची हळद लागती, ते इसरले का? माझ्या बापानं मूठ बदलली तवा बी लावलती."

"लावू की. मी हाय, सरू हाय…"

"दोन झाल्या."

"लोहाराच्या सुंदराबाईला बोलावते."

"तिचा मान पयलाच. लोखंड त्यांचं. तीन झाल्या." म्हातारीनं काठी दाराच्या दिशेनं फिरवली. "अन् दोन पल्याड हायेत. भिवरा, अन् तिची छबू सासरून आलीय लग्नाला. जोगदंडाच्या सुरीला बाहेरच्या बाया चालत न्हाईत."

चंद्रभागाबाईंच्या चेहऱ्यावरचं तेज उतरलं. चोरून करायचं काम, आणि ज्यांच्यापासून चोरायचं त्यांनाच हळद लावायला बोलवायचं.

"परवा लावू हळद. लग्नातच."

"मंग नाव बी परवा टाका," बायनाबाई म्हणाल्या आणि पाटावरच बसल्या.

परवा म्हणजे सुरी गेलेली. चंद्रभागाबाईंनी लेकीकडं बघितलं. "जा गं. बोलाव काकूला. कावून ते सांगू नको."

भिवराबाई शेवयांची परडी उन्हात सारत होती. तीन वर्षांनी थोरल्या घराचं बोलावणं आलं, म्हणजे कुणी मेलं असावं किंवा काही लबाडी असावी, असं तिनं धरलं. सरस्वतीचा चेहरा मेल्याचा नव्हता.

"कावून बोलावलं?"

"सुरीला हळद लावायची. आत्याबाई म्हनत्यात."

"अन् तुझी माय काय म्हनती?"

"ती म्हनली, सांगू नको."

भिवराबाईनं परडी खाली ठेवली. ही पुतणी तिला पहिल्यापासून आवडायची. सरस्वतीचंही एक गणित होतं. तिला पाठचा भाऊ नाही. माय-बाप आहेत तोवर माहेर. त्यांच्यामागं भाऊबीजेला ओवाळायचं तर एका भारतला. आज बापाचं नाव सुरीवर पडलं तर धाकटं घर कायमचं तुटणार, आणि पुढं दिवाळीला हैदराबादेत बसून चंद्राला ओवाळावं लागणार. हे तिनं बोलून दाखवलं नाही. वाटेत एवढंच म्हणाली, "काकू, ते माझ्या बापूचं नाव टाकायलेत सुरीवर."

"असं." भिवराबाई वळली. दारातल्या छबूला म्हणाली, "धन्याला मळ्यातून बोलवायला पाठव कुनाला तरी. अन् तू माझ्या मागून ये."

ओसरीवर पाच जणी जमल्या. दोघी जावा समोरासमोर, आणि दोघींची नजर सुरीवर.

"बसा, जाऊबाई," भिवराबाई म्हणाली.

"माझ्याच घरात मला बसा म्हन," चंद्रभागाबाई म्हणाल्या आणि बसल्या.

बायनाबाईंनी वाटीत तेलात कालवलेली हळद पुढं केली. "अंगठा बुडवायचा अन् पात्यावर दाबायचा. नुसतं टेकवू नका, दाबा. देवाला लाजल्यावानी करू नका."

सुंदराबाई लोहारणीनं पहिला अंगठा मुठीजवळ दाबला. दुसरा मान थोरलीचा. चंद्रभागाबाईंनी अंगठा हळदीत बुडवला आणि अभिमानानं नेमका नवऱ्याच्या नावाच्या पहिल्या अक्षरावर ठेवला. चांगला जोर देऊन दाबला. आपल्या हातानं त्या नावाला हळद लागावी, एवढीच त्यांची इच्छा होती.

अंगठा उचलला तेव्हा भिवराबाईला दिसलं. उन्हानं मेण लोण्यासारखं झालं होतं. जावेच्या अंगठ्याबरोबर त्याचा पापुद्रा निघून आला होता, आणि पिवळ्या हळदीखाली पोलाद लकाकत होतं. अक्षर नव्हतं. अंगठ्याच्या रेघा तेवढ्या होत्या.

भिवराबाईनं वर बघितलं. समोर सरस्वती तिच्याकडंच बघत होती.

दोघींपैकी एकीनं जरी तोंड उघडलं असतं तर राधाकिशननं मेण पुसून पुन्हा माखलं असतं, आणि हे प्रकरण इथंच संपलं असतं.

"दाबायचं व्हय, आत्याबाई?" भिवराबाईनं विचारलं.

"दाब की."

तिनं पुढच्या दोन अक्षरांवर अंगठा ठेवला आणि जात्याचा खुंटा बसवावा तसा दाबला. मग छबूनं दाबला. शेवटी सरस्वतीनं आडनावावर अंगठा ठेवला, नवऱ्याकडं न बघता. राधाकिशन तिकडं तारेचं टोक पत्र्याच्या तुकड्यानं खरवडत होता. वळून बघतो तो नाव हळदीखाली गुडूप.

"पुसून घेतो," तो म्हणाला.

बायनाबाईंची काठी आडवी आली. "सवाष्नींची हळद पुसत न्हाईत. आपसूक निघंल तवा निघंल. जावईबापू, हैदराबादेत पुसत असतील."

राधाकिशननं क्षणभर विचार केला. हळद मेणाच्या वर आहे, मेण खाली आहे, नाव मेणात आहे. काही बिघडत नाही, असा त्यानं निकाल दिला. कारखान्यात तळघरात काम चालतं, तिथं मेण कधी ऊन खात नाही, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. त्यानं कोळशाकडची तार मुठीच्या फटीत, पात्याच्या बुडाला भिडेल अशी खोचली. जस्ताकडची तार पितळेच्या पट्टीला बांधली, पट्टीला चिंधी गुंडाळली, चिंधी मिठाच्या पाण्यात बुडवली आणि पात्यावर टेकवली.

चुर्र आवाज झाला. फेस आला. आणि चिंधीतली पिवळी हळद सगळ्यांच्या देखत लालभडक झाली.

सुंदराबाईनं हात जोडले. "आई गं. हळदीचं कुंकू झालं."

"जस्ताच्या बाजूला खार सुटतो, म्हनून…" राधाकिशन सांगू लागला. चुना घातला तरी हळद अशीच लाल होते, हे त्या पाचही जणींना घरी कुंकू करताना माहीत झालेलं होतं. पण इथं चुना कुणी घातलेला दिसला नव्हता.

"बोलू नका, जावईबापू," बायनाबाई गहिवरून म्हणाल्या. "देवीनं हात लावलाय. चिंधी उचलायची न्हाई."

चंद्रभागाबाईंनी जावेकडं असं पाहिलं की आता बोल. देवी थोरल्या घराच्या नावावर प्रसन्न झाली होती. भिवराबाईनं पदर सावरला आणि अत्यंत भक्तिभावानं मान खाली घातली. तिला हसू आवरत नव्हतं.

याच वेळी भगवानराव मळ्यातून आले. पायाला चिखल, हातात चाबूक, आणि वाटेत तयार केलेलं भांडण ओठावर.

"कुनाला इचारून नाव टाकता? सुरी काय तुमच्या…"

"हळू," बायनाबाई म्हणाल्या. "कुंकू चाललंय."

भगवानरावांना काही उमगेना. तेवढ्यात आतून धोंडीराम सुपारी कातरत बाहेर आले. हा माणूस वाटणीच्या दिवशीही सुपारीच कातरत होता. भाऊ समोर बघून त्यांनी अडकित्ता थांबवला. दोघं तीन वर्षं बोललेले नव्हते. कामापुरतं म्हाळू गड्याच्या तोंडून बोलायचे, आणि म्हाळू दोन्हीकडून चहा प्यायचा.

राधाकिशनला मात्र माणसं पाहिजे होती. खाणं पुरेसं झालं होतं, बरण्यांचा दम जात चालला होता, आणि काजळी धरायची बाकी होती.

"मामा, इकडं या. काका, तुमी बी. ही तार तुमी धरा, ती त्यांनी. एकानं सुरीला लावायची, एकानं पितळीला. मी 'पलट' म्हनलं की तारा एकमेकाच्या हातात द्यायच्या अन् जागा बदलायच्या. लगोलग. दोनशे येळा."

"मी न्हाई धरत," भगवानराव म्हणाले.

"काका," राधाकिशन शांतपणे म्हणाला, "कल्हई न्हाई ही. जमत नसंल तर ऱ्हाऊ द्या."

जावयानं मागितलेलं नाकारता येत नाही, आणि जमत नाही असं म्हणणं तर त्याहून येत नाही. भगवानरावांनी चाबूक टाकला. धोतराच्या सोग्यात गुंडाळून तार धरली.

"झटका बसतो का?"

"न्हाई बसत."

"दादाला धरू दे आदी."

वाक्य तोंडातून निसटलं होतं. दादा. धोंडीरामांनी सोगाबिगा न घेता तार उचलली. "धरली."

"पलट."

तारा एकमेकीत अडकल्या. "सोड की," धोंडीराम म्हणाले.

"तुमी धरा आदी. मंग सोडतो."

"वाटनीत बी असंच म्हनला व्हतास."

"वाटनीत तुमी धरलंच न्हाई. सुपारी धरली."

"पलट."

विसाव्या पलटीला हात बसला. पन्नासावीला दोघांची लय जमली, मोट हाकताना जमायची तशी. सत्तरावीला भगवानराव म्हणाले, "तुमचा अंगठा थरथरतोय, दादा," आणि धोंडीराम म्हणाले, "वय झालं. तुझं पोरगं लग्नाला आलं, माझं काय." चंद्रभागाबाई नवऱ्याकडं बघत होत्या. त्यांना वाटलं होतं, मुलगा नाही याचं त्याला काही नाही.

दीडशेच्या पुढं बरण्यांनी मान टाकली. "बास," राधाकिशन म्हणाला. "गरम पानी आना."

मेण वितळून परातीत उतरलं. हळद गेली, कुंकूही गेलं. राधाकिशननं सुरी फडक्यानं पुसली, उजेडात धरली आणि तशीच धरून राहिला.

"वाचा की," चंद्रभागाबाई म्हणाल्या.

पात्यावर पाच काळेभोर अंगठे होते. रेघ न् रेघ उमटलेली, जशी कचेरीत शाईनं उमटते. त्यांच्या फटींतून एक काना आणि अर्धामुर्धा ज डोकावत होता. बाकी नाव नव्हतं.

राधाकिशनच्या कपाळावर घाम आला. मग त्यानं, आयुष्यात पहिल्यांदा सासरी खरं बोलायचं ठरवून, सांगितलं, "मेन निघालं. हळदीच्या अंगठ्यांनी. माझ्या ध्यानात आलं न्हाई."

"तुमच्या?" चंद्रभागाबाई गर्रकन जावेकडं वळल्या. "तुला दिसलं व्हतं. तुला दिसलं व्हतं भिवरे, म्हनून तू जात्यावानी दाबलं."

"दिसलं," भिवराबाई म्हणाली. "तुमचा अंगठा उचलला तवा दिसलं. पयलं अक्षर तुमीच नेलं, जाऊबाई. मी उरल्यालं नेलं."

"अन् बोलली न्हाईस."

"तीन वर्सं बोलले न्हाई. आज कशी बोलू?"

चंद्रभागाबाईंनी लेकीकडं पाहिलं. सरस्वतीनं मान खाली घातली. "मला बी दिसलं, माय."

हाताखालची माणसं फितूर निघाली की दोष शत्रूला देता येत नाही.

"आता ही कुनाची म्हनायची?" भगवानरावांनी विचारलं. त्यांचं भांडण अजून तसंच शिल्लक होतं, आणि ते कुठं ठेवावं कळत नव्हतं.

बायनाबाईंनी सुरी हातात घेतली. डोळ्यांजवळ नेली. काळ्या अंगठ्यांवरून बोट फिरवलं. "नाव मला वाचता येत न्हाई. हे येतंय. जमिनीच्या कागदावर अंगठा लागला की सरकार त्यो दस्त मानतंय. हितं पाच लागलेत. ही सुंदरा, ही चंद्रभागा, ही भिवरा, ही छबू, ही सरू. सुरी ह्या पाच जनींची. जिथं लगीन तिथं ती जाईल. पर पेटीतून काढताना ह्या दोघी जावा समोर पाहिजेत. एकली काढंल तिच्या पोराची हळद उतरंल."

"माझ्या घरात कुठं पोरगं हाय?" चंद्रभागाबाई म्हणाल्या.

"भारत हाय की," भिवराबाई म्हणाली. मग जरा थांबून, "सुरी धरताना त्यो तुमचाच अंगठा धरनार. नाव असतं तर त्यानं वाचलं नसतं, जाऊबाई. शाळेत कवा गेलता त्यो?"

भगवानराव हे ऐकून पहिल्यांदा हसले, बापानं हसू नये अशा गोष्टीवर.

माणसं पांगली. चंद्रभागाबाई परातीजवळ बसून राहिल्या. गार झालेल्या मेणाची पिवळी चकती पाण्यावर आली होती. धोंडीराम शेजारी येऊन टेकले. सुरी त्यांच्या मांडीवर होती.

"तुमचं नाव म्याच पुसलं," त्या म्हणाल्या.

"तीस वर्सांत तोंडानं घेतलं न्हाईस. उखान्यात घेतलं तेवढंच. आता पुसलं तर काय नवल."

"चेष्टा नका करू."

"चेष्टा न्हाई." त्यांनी पातं तिरपं करून दाखवलं. "हे बघ. ही आडवी रेघ. इळीनं कापलं व्हतं तुला, पुरनपोळीच्या दिवशी, सरूच्या बारशाला. धोंडीराम नावाचे गावात चार हायेत. ही रेघ एकच हाय."

चंद्रभागाबाईंनी अंगठा पदरात लपवला. नवरा आपल्या बोटावरच्या जखमा लक्षात ठेवतो, ही बातमी त्यांना तीस वर्षांनी, सुरीवरून, मिळाली होती.

आता कुणी काय भरलं ते सांगून टाकू. राधाकिशननं तीन बरण्यांतली वीज घालवली आणि ध्यानात आलं नाही हे चार माणसांत कबूल केलं. बदल्यात त्या सायंकाळी भगवानरावांनी त्याला हाताला धरून पहिल्या पाटावर बसवलं. भगवानरावांचं भांडण न वापरताच वाया गेलं. भिवराबाईला सुरी मिळाली आणि ती काढताना दर वेळी जावेचं तोंड बघायची अट मिळाली. चंद्रभागाबाईंनी जावेला दारात उभं करायचं सुख भरलं, ते परत मिळणार नव्हतं. आणि नाव भरलं धोंडीरामांनी, ज्यांनी ते कधी मागितलं नव्हतं. सगळ्यांत मोठी रक्कम त्यांची होती, आणि भावाला सुपारी द्यायला ते अनवाणीच आंगण ओलांडून गेले.